फॉर्म कुणीतरी वाचायला हवा

प्रश्न (गोषवारा, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत): पत्रलेखिका राज्यातल्या एका विद्यापीठात सहायक प्राध्यापक आहेत. वय ३९. मराठवाड्यातल्या एका लहान गावातून शिकून वर आलेल्या. त्यांच्या विद्यापीठात तीन वर्षांपासून युवा विकास संशोधन केंद्राचा उपक्रम चालतो. त्याचे समन्वयक त्यांचे पीएच.डी.चे मार्गदर्शक, दोन वर्षांनी निवृत्त होणारे ज्येष्ठ सर. आता सरांनी त्यांना सहसमन्वयक व्हायला सांगितलं आहे. वेगळं मानधन नाही, तासिकांत सूट नाही, सहीचा अधिकार नाही. "तू फक्त हातभार लाव, बाकी मी बघतो," असं सर म्हणाले. हाताशी चार संशोधन साहाय्यक आहेत, चौघंही अकरा महिन्यांच्या करारावर. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत पहिल्या वर्षाच्या मुलामुलींकडून १४२ प्रश्नांचा फॉर्म भरून घेतला जातोय आणि विद्यापीठाचं मूल्यांकन करणारी नॅकची समिती येण्याआधी अहवाल तयार हवा आहे. घरी सात वर्षांची लेक, सासूबाईंचं आजारपण. ऊसतोड कुटुंबांतल्या मुलींच्या शिक्षणावरचं स्वतःचं संशोधन दोन वर्षं कपाटात पडून आहे. हो म्हणावं तर दुसऱ्याच्या नावाखाली राबणं होईल, नाही म्हणावं तर सरांशी कृतघ्नपणा होईल आणि केंद्र उद्या भलत्याच हाती जाईल, या पेचात त्या आहेत.

पत्राखाली ता. क. आहे: "एका फॉर्मच्या शेवटच्या मोकळ्या जागेत एका मुलाने 'सगळं संपवावंसं वाटतं' असं लिहिलंय. आमच्या साहाय्यकाला ते तीन आठवड्यांनी, माहिती संगणकात भरताना दिसलं. फॉर्म निनावी आहे, त्यामुळे काही करता येणार नाही असं ठरलं. पण मला झोप लागत नाही."

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना ता. क.पासून सुरुवात केली. म्हणूनच त्याच संध्याकाळी या सदराची वाट न पाहता तुम्हाला वेगळं लिहिलं होतं. फॉर्म खरंच निनावी आहे का, असं विचारलं होतं, कारण तुम्हीच पत्रात 'कोड क्रमांक' असा शब्द वापरला होता. जिथे कोड असतो तिथे बहुतेक वेळा कोडाची यादीही कुठेतरी असते. ती निघाली, साहाय्यकाच्या वहीत. तुम्ही दुसऱ्या दिवशी त्या महाविद्यालयात गेलात, समुपदेशक ताईंना बरोबर घेतलंत आणि त्या मुलाला वर्गातून बोलावून न घेता, गाजावाजा न करता भेटलात. तुमच्या आणि त्याच्या परवानगीने एवढंच सांगते की तो आता एकटा नाही. तो तुम्हाला जे पहिलं वाक्य म्हणाला, ते मात्र मला इथे लिहायचंच आहे: "मॅडम, मला वाटलं हे फॉर्म कुणी वाचत नाही."

पदाबद्दलचं माझं सगळं उत्तर या वाक्याभोवती आहे.

तुम्ही मला विचारलंय, सहसमन्वयक होऊ की नको. त्यामागे तुम्ही एक गोष्ट गृहीत धरली आहे: खरं काम समन्वयक करतो, 'सह' लागलेला माणूस फक्त राबतो. कागदावर ते खरं आहे. टिपणीवर सही सरांची, उपयोगिता प्रमाणपत्रावर सही सरांची, कुलसचिवांसमोर बसणार तेही सरच. पण असा उपक्रम प्रत्यक्षात कुठे घडतो ते बघा. कोणता प्रश्न विचारायचा, तो कोणत्या शब्दांत, वर्गात फॉर्म वाटताना त्या मुलांना काय सांगायचं, भरलेले गठ्ठे कोणत्या कपाटात ठेवायचे, मोकळ्या जागेत लिहिलेलं कुणी आणि कधी वाचायचं, हे सगळं त्या दुसऱ्या खुर्चीवर ठरतं. त्या तीन आठवड्यांत ही खुर्ची रिकामी होती. सर वाईट आहेत असं मी म्हणत नाही. त्यांच्याकडे फाइली होत्या, साहाय्यकाकडे आकडे भरायचं काम होतं, आणि मुलाचं वाक्य या दोघांच्या मधल्या जागेत पडून राहिलं.

म्हणून "मला काय मिळेल" हा प्रश्न मी बाजूला सारत नाही, त्याकडे येतेच आहे. पण त्याआधी एक विचारते. फॉर्म भरणाऱ्या मुलामुलींना आपण कुणीतरी जबाबदार आहोत, असं या उपक्रमात सध्या कुणाला वाटतं? तुमच्या पत्रात मला ते एकाच व्यक्तीला वाटताना दिसलं, आणि तिला झोप लागत नव्हती.

मी स्वतः वीसेक वर्षांपूर्वी एका प्रकल्पावर क्षेत्रकाम केलं आहे. गाव कुठलं ते राहू दे. सकाळी पारावर पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं बसलेली असायची, त्यांच्याशी बोलून फॉर्म भरायचे. तिसऱ्या दिवशी त्यातला एक म्हणाला, "ताई, मागच्या वर्षीपण तुमच्यासारखे दोघं आले होते. त्यांचं पुढं काय झालं?" मी म्हटलं, अहवाल झाला असेल. तो म्हणाला, "मग आम्हाला कुणी सांगितलं नाही." मी त्याला काही उत्तर दिलं नाही, कारण आमचा अहवालही त्याच्यापर्यंत पोचणार नाही हे मला माहीत होतं. पोचला नाहीच. त्याची बोच अजून आहे, आणि तुम्हाला लिहिताना ती लपवून ठेवणं बरं नाही.

आता तुमच्या १४२ प्रश्नांकडे. तुम्ही फॉर्म जोडलात ते फार बरं झालं. मी पेन घेऊन बसले आणि मोजलं. व्यसन, मोबाइल, चिंता, नैराश्य, बेरोजगारी, प्रेमप्रकरण, घरची भांडणं यांबद्दलचे प्रश्न पानांमागून पानं. त्या मुलाला काय येतं, तो कुणासाठी काय करतो, संकटात कोणाकडे जातो, गावात कोणत्या कामात त्याचा हात असतो, हे विचारणारे प्रश्न सगळे मिळून नऊ.

यात तुमच्या केंद्राचा वेगळा दोष नाही. तरुण वय म्हणजे वादळ, असं सांगणारी परंपरा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जी. स्टॅन्ली हॉल यांच्या १९०४ सालच्या ग्रंथापासून चालत आली आहे, आणि पुढे कित्येक दशकं तरुणांवरचं संशोधन म्हणजे त्यांच्यात काय बिघडलंय याची यादी, असंच होतं. 'युवा विकास' हा शब्द याच्या विरुद्ध उभा राहिला. टफ्ट्स विद्यापीठाच्या रिचर्ड लर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ पासून अमेरिकेतल्या हजारो मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. त्यांनी पाच गोष्टी मोजल्या: क्षमता, आत्मविश्वास, माणसांशी असलेलं नातं, चारित्र्य आणि दुसऱ्याबद्दलची आस्था. बिघाड मोजणं सोडून द्या असं ते म्हणाले नाहीत. बिघाड नसणं म्हणजे विकास नव्हे, एवढंच त्यांचं म्हणणं. तुमच्या केंद्राच्या पाटीवर 'विकास' आहे आणि फॉर्मवर फक्त 'बिघाड', हे तुम्हाला फॉर्म हाती घेताच जाणवलं असणार. बदल करायचा तर प्रश्न वाढवू नका. साठ काढा आणि वीस घाला. १४२ प्रश्न पहिल्या वर्षाचं मूल लक्ष देऊन भरू शकत नाही; शेवटची पन्नास उत्तरं एका सरळ रेषेत टिक केल्यासारखी आली असतील तर माझं म्हणणं पटेल.

भाषेचंही बघा. फॉर्मवर 'आपणांस हताश वाटते काय?' असं आहे. हे इंग्रजी प्रश्नावलीचं भाषांतर आहे हे उघड आहे. तुमच्या विद्यार्थ्यांपैकी कोण 'हताश' म्हणतं? ती म्हणतात 'लोड येतो', 'टेन्शन येतं', 'डोकं बधिर होतं', 'कशातच मन लागत नाही'. नंदुरबारकडच्या एखाद्या पावरी बोलणाऱ्या मुलीला, गडचिरोलीतल्या माडिया मुलाला हा प्रश्न मराठीत आला तरी तो दुसऱ्या भाषेतूनच आलेला असतो. दहा-बारा मुलांना बसवा, प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचा आणि "यातून तुला काय कळलं?" एवढंच विचारा. त्यांनी सांगितलेल्या शब्दांत प्रश्न पुन्हा लिहा. या एका दुपारीने तुमच्या अहवालाचं जेवढं भलं होईल तेवढं कुठल्याही सांख्यिकी सॉफ्टवेअरने होणार नाही.

आणखी एक शंका आहे, थोडी कडवट वाटेल. 'मीही तशाच गावातून आले, मला या मुलांचं मन कळतं,' असं तुम्ही लिहिलंय. कळतंच. पण तुम्ही कॉलेजात पाऊल ठेवलंत तेव्हा घरात एसटीडीचा फोन आला तरी गल्ली गोळा व्हायची. आजच्या अठरा वर्षांच्या मुलाच्या खिशातल्या फोनमध्ये त्याच्यासारख्याच हजार मुलांचं यश रात्रंदिवस झळकत असतं. तुमचा अनुभव तुम्हाला दारापर्यंत नेईल. आत जायला त्यांनाच विचारावं लागेल.

विचारायचं म्हणजे त्यांना संशोधनात घ्यायचं. मुलांच्या सहभागाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्या, म्हणजे मुलांना आपल्या हेतूसाठी वापरणं, शोभेला उभं करणं आणि नावापुरतं विचारणं, यांना ते सहभाग मानतच नाहीत. आपल्याकडचे किती युवा महोत्सव आणि किती सर्वेक्षणं या तीन पायऱ्यांवरच थांबतात ते तुम्हाला माहीत आहे. चौथी-पाचवी पायरी चढायला फार खर्च येत नाही: कशासाठी विचारतोय ते नीट सांगा, 'नाही' म्हणण्याची मोकळीक द्या आणि त्यांच्या मताने काहीतरी खरोखर बदला.

यापुढे गेलेलं काम आपल्या मुंबईतच झालंय. मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी उभ्या केलेल्या 'पुकार' या संस्थेने वस्त्यांमधल्या, चाळींमधल्या तरुणांचे गट करून त्यांनाच संशोधक बनवलं. विषय त्यांचा, प्रश्न त्यांचे, माहिती त्यांनीच गोळा करायची आणि शेवटी आपल्याच वस्तीसमोर मांडायची. त्यातल्या बऱ्याच जणांकडे पदवीही नव्हती. संशोधन करणं हा प्रत्येक माणसाचा हक्क आहे, हा अप्पादुराईंचा २००६ मधला विचार या कामाच्या मुळाशी आहे: ज्याला आपल्या जगाबद्दल पद्धतशीर माहिती काढता येत नाही, त्याला त्या जगात काही मागताही येत नाही. तुमच्या चार साहाय्यकांबरोबर दर महाविद्यालयातून दोन विद्यार्थी, एक मुलगा आणि एक मुलगी, असे सहसंशोधक घेतले तर पहिल्याच वर्षी फरक दिसेल. त्यांना प्रवासखर्च आणि जेवण द्या, अहवालात त्यांची नावं घाला. राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक सोयीचे वाटतील. १९६९ पासून महाविद्यालयांत युवकांचं सगळ्यात मोठं तयार जाळं तेच आहे, वर्षाला १२० तास त्यांनी समाजासाठी द्यायचे असतात. पण तास भरण्याची गरज आहे म्हणून आलेला मुलगा आणि स्वतःहून आलेला मुलगा यांत फरक करा. फॉर्म भरून घ्यायला तर हा रस्ता वापरूच नका. कार्यक्रम अधिकारी वर्गात उभे राहून "भरा रे" म्हणाले की ती संमती राहत नाही. अंतर्गत गुण ज्याच्या हातात, त्याच्या समोर कुणी खरं लिहीत नाही.

आणि तुमचे 'युवा' आहेत तरी कोण? राष्ट्रीय युवा धोरणाने २०१४ मध्ये वयाची मर्यादा १५ ते २९ अशी धरली. त्याआधीच्या २००३ च्या धोरणात ती १३ ते ३५ होती. कोणतीही मर्यादा धरा, तुमच्या यादीत फक्त महाविद्यालयात नाव असलेली मुलं आहेत. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन शेजारच्या तालुक्यात गेलेली सून त्याच वयाची असून तिला कुणी 'युवती' म्हणत नाही, तिला वहिनी म्हणतात. दिवाळीच्या सुमाराला कोयता उचलून पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडावर गेलेलं जोडपं, एमआयडीसीत रात्रपाळी करणारा मुलगा, पुण्यात एका खोलीत सहा जण राहून राज्यसेवेची तयारी करणारी मंडळी, ही सगळी तुमच्या जिल्ह्याचीच तरुणाई आहे आणि अहवालात तिचा एक आकडाही नाही. इथे मला तुमचं कपाटात पडलेलं काम आठवलं. उपक्रम आणि तुमचं स्वतःचं संशोधन यांत निवड करावी लागेल असं तुम्ही धरून चालला आहात. ते तसं असायलाच हवं का? ऊसतोड कुटुंबांतल्या मुलींचा अभ्यास हा केंद्राचा एक अधिकृत भाग म्हणून मांडा. केंद्राची उणीव भरून निघते आणि तुमचं कपाट उघडतं. सर नाही म्हणाले तर निदान का नाही ते तुम्हाला कळेल, आणि ते कळणं निर्णयासाठी लागणारच आहे.

आता त्या मुलाकडे परत येते, कारण असं सर्वेक्षण करणाऱ्या इतरांनाही हे लागेल. जिथे मदत पोचवण्याची सोय नाही, तिथे मनाचं दुखणं विचारू नये, हा माझा ठाम नियम आहे. तुमच्या फॉर्ममध्ये पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली आहे. तिचा नववा प्रश्नच, मेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी असं गेल्या दोन आठवड्यांत वाटलं का, असा आहे. हा प्रश्न विचारणाऱ्याने त्याचं उत्तर त्याच दिवशी वाचायला हवं, तीन आठवड्यांनी नव्हे. म्हणून फॉर्म गोळा झाले की माहिती भरण्याआधी, त्याच संध्याकाळी, फक्त तो प्रश्न आणि मोकळी जागा चाळायची. चाळणारं माणूस ठरलेलं असावं. कोडाची यादी एकाच जबाबदार व्यक्तीकडे, कुलपात, साहाय्यकाच्या वहीत नाही. संमतीपत्रावर साध्या भाषेत लिहायचं: 'तुमचं उत्तर गुप्त राहील, पण तुमच्या जिवाला धोका आहे असं दिसलं तर आम्ही तुमच्याशी बोलायला येऊ.' मुलं यामुळे लिहायची थांबतील अशी भीती सगळ्यांना वाटते. काही थांबतीलही. उरलेली यासाठीच लिहितील.

अठरा वर्षं पूर्ण न झालेली मुलंही पहिल्या वर्षाला असतात. त्यांच्यासाठी पालकांची संमती आणि मुलाची स्वतःची तयारी, दोन्ही हवं. त्यांच्यापैकी कुणी लैंगिक अत्याचाराबद्दल काही लिहिलं तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तिथे 'आम्ही कुणालाच सांगणार नाही' असं आश्वासन देणं म्हणजे खोटं बोलणं. विद्यापीठात मानवी सहभागाच्या संशोधनाची नीतिमत्ता समिती असेल तर आत्ताच तिच्याकडे जा. नसेल तर ती व्हावी म्हणून टिपणी टाकणं हे तुमचं पहिलं काम असू दे. आणि फॉर्मच्या शेवटी, मोठ्या अक्षरांत, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक छापा. फोन मोफत आहे, चोवीस तास आहे, मराठीतही बोलता येतं. हे वाचणाऱ्या कुणाला आज तशी गरज असेल तर क्रमांक तुमच्यासाठीही आहे.

पदाबद्दल. माझं मत विचाराल तर, घ्या. पण 'हातभार' म्हणून नको. सरांना भेटायला जाण्याआधी एका पानावर चार-पाच ओळी लिहा आणि त्या नियुक्तिपत्रात मागा. मुदत दोन वर्षं. आठवड्याला निदान चार तासिकांची सूट. प्रश्नावली, संमती आणि माहितीची सुरक्षितता यांचा अंतिम निर्णय तुमचा. साहाय्यकांच्या मानधनाची देयके दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला वित्त विभागात जातील याची जबाबदारी कुणाची, हेही त्यातच. या चार मुलांबद्दल पत्रात तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, पण ती चौघं स्वतः पंचविशीतली आहेत, नेट-सेट होऊन तासिका तत्त्वाच्या रांगेत उभी आहेत. तरुणांच्या विकासाचा अभ्यास करणाऱ्या केंद्रात चार तरुणांना तीन-तीन महिने मानधन न मिळणं, हे आधी सुधारायला हवं. शोधनिबंधावर नावं कुणाची आणि कोणत्या क्रमाने, हे काम सुरू होण्याआधी ठरवा. शेवटी ठरवायला गेलात तर नाती तुटतात; मी तुटलेली पाहिली आहेत.

हे मागणं म्हणजे कृतघ्नपणा, असं तुमच्या मनात येईल. गुरूबद्दलची कृतज्ञता आपल्याकडे इतकी खोल असते की तिच्यापुढे साधी अटही उद्धट वाटते. पण सरांच्या जागी जाऊन बघा. निवृत्तीला दोन वर्षं आहेत. तीन वर्षांपूर्वी त्यांनी हे केंद्र शून्यातून उभं केलं, अर्थसंकल्पात त्याला खर्चाचं शीर्ष मिळवून दिलं. ही सोपी गोष्ट नाही, फाइल फिरवलेल्या माणसालाच ते माहीत. आपण गेल्यावर हे बंद पडेल, ही धास्ती त्यांनाही असणार. जी व्यक्ती लेखी अधिकार मागते ती पळून जाणार नाही, हे अनुभवी माणसाला कळतं. "बाकी मी बघतो" असं ते म्हणाले, त्यात कदाचित तुमच्यावर ओझं पडू नये असाही भाव असेल. विचारल्याशिवाय कळणार नाही.

आणि नाही म्हणायची वेळ आली तर? सरांनी किंवा विद्यापीठाने या मागण्यांतली एकही लेखी दिली नाही, विशेषतः मुलांच्या उत्तरांच्या सुरक्षिततेची, तर नाही म्हणा. त्यात कृतघ्नपणा नाही. घरातलं दुखणं वाढलं, लेकीला तुमची जास्त गरज लागली, तरीही नाही म्हणा आणि कारण लपवू नका. पण नाही म्हणताना ती संध्याकाळची चाळणी, कोडाची यादी आणि १४४१६ या तीन गोष्टी लिहून सरांच्या टेबलावर ठेवूनच बाहेर पडा. तेवढं पदाशिवायही करता येतं.

घरच्यांशीही बोला, पण 'मला मोठं पद मिळतंय' असं नको, 'आठवड्याचे इतके तास जातील' असं. नवऱ्याने सासूबाईंच्या दवाखान्याचे कोणते दोन दिवस घ्यायचे ते वार ठरवून कॅलेंडरवर लिहा. "बघू, करू आपण" यावर घर चालत नाही, केंद्र तर नाहीच. शनिवारची सकाळ तुमच्या ऊसतोडीच्या कामाची. त्या वेळात केंद्राचा फोन आला तर साहाय्यक घेतील.

नॅकच्या अहवालाची घाई आहे, हे मी विसरलेले नाही. समितीला आकडे दाखवावे लागतात, दाखवा. पण त्याच आठवड्यात अहवालाचं दोन पानी मराठी रूप करा, जिथे फॉर्म भरले त्या प्रत्येक महाविद्यालयात जा आणि मुलांसमोर वाचा. "तुम्ही हे सांगितलंत, आम्हाला हे कळलं, यात काय चुकलंय?" असं विचारा. पारावरच्या त्या पोराला मी जे देऊ शकले नाही ते तुम्ही देऊ शकता, आणि त्याला फारतर दोन गाड्यांचं डिझेल आणि चार दिवस लागतील.

सरांना भेटायला जाल तेव्हा तो १४२ प्रश्नांचा फॉर्म बरोबर घ्या, पण टेबलावर लगेच ठेवू नका. आधी त्यांना विचारा की तरुण असताना त्यांनी पहिलं शिबिर घेतलं तेव्हा गावातल्या पोरांनी त्यांना काय विचारलं होतं. तुम्ही लिहिलंय की वर्गात ते ही गोष्ट फार रंगून सांगायचे. ती पुन्हा ऐका, पूर्ण ऐका, आणि मग फॉर्म उघडा.